दीड टक्क्याचा हिशोब

रिद्धपूरला शिक्षकांच्या एका मेळाव्यात बोलायला गेलो होतो. विषय नेहमीचाच होता, 'विज्ञान आणि छद्मविज्ञान'. तयारीही नेहमीचीच होती. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पिऊ लागल्या होत्या. त्यामागचा पृष्ठताण चमचा आणि मातीची मूर्ती घेऊन करून दाखवला. लिंबातून 'रक्त' काढले, हातावर कापूर जाळला. माना डोलल्या, टाळ्या झाल्या. मग मागच्या बाकावरचे एक शिक्षक उभे राहिले.

"सर, हे सारं आमाले मालूम हाय. गनपतीच्या दुधानं कोनाचं घर नाई बुडत. माह्याकडं साडेतीन एकर संत्रा हाय. झाडाले जे लागते त्यातलं साडेअठ्ठ्याण्णव टक्के हवा-पान्यातून येते, मातीतून फकत दीड टक्का, असं शिबिरात सांगतलं. हे खरं का खोटं? खरं असंन, तं मंग खताचे पैसे मी काहून देऊ?"

सभागृह शांत झाले. माझ्या पिशवीत या प्रश्नासाठी काही नव्हते. मी म्हटले, "आकडा जवळपास खरा आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा नाही." पुढचे दहा मिनिटांत नीट सांगता आले नाही. ते लिहून पाठवीन असे कबूल केले होते. हा लेख म्हणजे ते उत्तर. ज्या शिक्षकांकडे शेती नाही त्यांच्याही उपयोगाचे त्यात काही असेल, कारण वर्गात येणारे फसवे दावे बहुधा याच जातीचे असतात. संपूर्ण खोटे ओळखणे सोपे असते. खऱ्या आकड्याला जोडलेले चुकीचे अनुमान चटकन ओळखू येत नाही.

दावा काय आहे?

हे प्रतिपादन श्री. सुभाष पाळेकर यांचे. ते अमरावती जिल्ह्यातल्याच बेलोरा गावचे. शेतीशास्त्राचे शिक्षण घेतलेले, स्वतः शेती केलेले. रासायनिक खतांवरचा खर्च आणि त्यापायी होणारे कर्ज यांनी वऱ्हाडातला शेतकरी पिचत असताना त्यांनी 'झिरो बजेट नैसर्गिक शेती'चा मार्ग सांगितला. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जुलै २०१९ मधील केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात या शेतीचा उल्लेख झाला. त्याच वर्षी राष्ट्रीय कृषिविज्ञान अकादमीने तज्ज्ञांची बैठक घेतली आणि ही पद्धत शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेली नाही असे मत शासनाला कळवले. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने नैसर्गिक शेतीचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. त्याचा खर्च २,४८१ कोटी रुपये आहे.

पद्धतीचे चार खांब सांगितले जातात: जीवामृत, बीजामृत, आच्छादन आणि वाफसा. एकरी जीवामृतासाठी २०० लिटर पाणी, देशी गाईचे १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, १ ते २ किलो गूळ, तेवढेच डाळीचे पीठ आणि बांधावरची मूठभर माती लागते. महिन्यातून एकदा-दोनदा हे जमिनीत द्यायचे. एका देशी गाईवर ३० एकर शेती होते, असे सांगितले जाते. आधाराला दोन विधाने असतात. एक, वनस्पतीच्या शरीराचा साडेअठ्ठ्याण्णव टक्के भाग हवा, पाणी आणि सूर्यप्रकाश यांतून येतो. दोन, देशी गाईच्या एक ग्रॅम शेणात ३०० ते ५०० कोटी उपयुक्त जीवाणू असतात.

दोन्ही विधाने आकड्यांची आहेत. म्हणून ती शास्त्रीय वाटतात. आणि आकड्यांचीच असल्यामुळे ती तपासताही येतात.

आकडा खरा

वाळवलेल्या वनस्पतीत सुमारे ४५ टक्के कार्बन, तितकाच ऑक्सिजन आणि ६ टक्के हायड्रोजन असतो. म्हणजे ९६ टक्के झाले. कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो, हायड्रोजन पाण्यातून. प्रकाशसंश्लेषणाचा धडा आपण हेच शिकवतो. नायट्रोजनही 'हवेतलाच' म्हणून धरला तर आकडा आणखी वर जातो. तेव्हा एखाद्या टक्क्याची ओढाताण सोडून देऊ.

हा शोध जुना आहे. व्हान हेल्मॉन्ट याने २०० पौंड कोरडी माती एका कुंडीत घेऊन तिच्यात ५ पौंडांचे विलोचे रोप लावले. पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले आणि माती फक्त २ औंस कमी भरली. त्याने निष्कर्ष काढला की झाड निव्वळ पाण्याचे बनते. हे १६४८ मध्ये छापले गेले. मोजमाप उत्तम होते, निष्कर्ष मात्र दोन ठिकाणी चुकला. हवेचा वाटा त्याला माहीत नव्हता, आणि ते २ औंस त्याने किरकोळ म्हणून सोडून दिले.

त्या २ औंसांतच झाडाचे पोटॅशियम, फॉस्फरस, कॅल्शियम, लोह आणि जस्त होते. प्रमाण थोडे म्हणजे गरज थोडी, असे होत नाही. आपल्या शाळेत मुलींना दर आठवड्याला लोहाची गोळी देतात. माणसाच्या शरीरात लोह जेमतेम ३-४ ग्रॅम असते. ६० किलोच्या माणसात हे प्रमाण एका टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी भरते. 'इतकेसे लोह, त्याला गोळी कशाला?' असे कोणी म्हणत नाही. कारण ते कमी पडले की मुलगी जिना चढताना धापा टाकते, आणि मग तिच्या शरीरातल्या उरलेल्या ९९ टक्क्यांचा काही उपयोग होत नाही. पिकाचेही तसेच आहे. जो घटक सर्वांत कमी पडतो तो उत्पन्नाची मर्यादा ठरवतो. हा नियम आपण लीबिगच्या नावाने शिकतो.

आता त्या दीड टक्क्याचा हिशोब फळ्यावर मांडू. एकरी १० क्विंटल ज्वारी आणि २५ क्विंटल कडबा आला असे धरा. एकूण ३,५०० किलो. त्याचा दीड टक्का म्हणजे ५२ किलो. शिबिरातलाच आकडा घेतला तरी दर हंगामाला एकरातून ५२ किलो द्रव्य मातीतून उठते आणि बैलगाडीत बसून घरी किंवा बाजारात जाते. 'दीड टक्का' म्हटले की क्षुल्लक वाटते, '५२ किलो' म्हटले की थबकायला होते. टक्केवारी ऐकली की मूळ रक्कम विचारायची, ही सवय मुलांना लागली तर निम्म्या जाहिराती निष्प्रभ होतील.

नायट्रोजनची अडचण

खरी मेख नायट्रोजनपाशी आहे. हवेत तो ७८ टक्के आहे हे खरे. पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट जखडलेले असतात की वनस्पतीला ते सोडवता येत नाहीत. कारखान्यात त्यासाठी ४०० अंशांहून अधिक तापमान आणि वातावरणाच्या शेकडोपट दाब लागतो. काही जीवाणू हे काम साध्या तापमानाला करतात, पण फुकट करत नाहीत. तुरीच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम तुरीकडून साखर घेतात आणि बदल्यात नायट्रोजन देतात. ज्वारी, कापूस, संत्रा यांच्या मुळांवर अशा गाठी नसतात. जमिनीत मोकळे राहणारे काही जीवाणू आणि आकाशातल्या विजा मिळून एकरी वर्षाला काही किलो देतात, त्याहून फार नाही.

वरच्या ज्वारीला किती लागतो? दाण्यात सुमारे १० टक्के प्रथिने म्हणजे १.६ टक्के नायट्रोजन. १,००० किलो दाण्यात १६ किलो. कडब्यात अर्धा टक्का धरला तर साडेबारा किलो. एकूण सुमारे २८ किलो.

जीवामृतातून किती जातो? १० किलो ओल्या शेणात ४०-५० ग्रॅम, १० लिटर गोमूत्रात सुमारे १०० ग्रॅम, २ किलो डाळीच्या पिठात ७० ग्रॅम. एका वेळचे सव्वादोनशे ग्रॅम धरू. चार महिन्यांत आठ वेळा दिले तरी पावणेदोन किलो. पेरणीच्या वेळी घनजीवामृत टाकले तर आणखी दोन-एक किलो. म्हणजे २८ च्या जागी चार. बाकी २४ किलो कुठून येणार?

विरजण आणि दूध

यावर पाळेकरांचे उत्तर तयार असते, आणि ते हुशारीचे आहे. जीवामृत हे खत नव्हेच, ते विरजण आहे. चमचाभर विरजणाने पातेलेभर दही लागते, तसे जीवामृतातले जीवाणू जमिनीतली अन्नद्रव्ये पिकाला खुली करून देतात.

उपमा चांगली आहे, म्हणून ती शेवटपर्यंत नेऊ. विरजण दुधाला लावतात. पातेल्यात पाणी असेल तर कितीही विरजण घाला, दही लागत नाही. येथे दूध म्हणजे जमिनीतले सेंद्रिय द्रव्य. आपल्या काळ्या मातीच्या वरच्या १५ सेंटीमीटर थराचे वजन एकरी सुमारे ८ लाख किलो भरते. त्यात ०.०५ टक्के नायट्रोजन धरला तर ४०० किलोंचा साठा आहे. त्यातला टक्का-दोन टक्के भाग दरवर्षी आपोआप खुला होतो. जीवामृताने हा वेग खरोखर वाढत असेल, तर आपण बँकेतली ठेव भराभर काढतो आहोत. पासबुकात भर पडत नसताना पैसे काढत राहिले तर पहिली काही वर्षे सुखाची जातात. म्हणूनच 'मी तीन वर्षे करतो आहे, काही बिघडले नाही' ही साक्ष प्रामाणिक असूनही पुरेशी ठरत नाही.

विरजणाचे मोजमापही घेऊ. ग्रॅमला ५०० कोटी प्रमाणे १० किलो शेणात ५० लाख कोटी जीवाणू झाले. ऐकून छाती दडपते. पण साध्या शेतातल्या एक ग्रॅम मातीत, फार काटकसरीने मोजले तरी, १० कोटी जीवाणू आधीपासून असतात. ८ लाख किलो मातीत ८०० कोटी कोटी झाले. म्हणजे जमिनीतल्या दर सोळाशे रहिवाशांमागे आपण एक पाहुणा पाठवला. पिंपात दोन दिवस आंबवून पाहुण्यांची संख्या काही पटींनी वाढली तरी चित्र बदलत नाही. शिवाय शेणातले बहुतेक जीवाणू गाईच्या आतड्यातल्या, हवा नसलेल्या उबदार जागेला सरावलेले असतात. मोकळ्या, उन्हाने तापणाऱ्या काळ्या मातीत त्यांतले किती तग धरतात हे दाखवावे लागेल, गृहीत धरता येणार नाही.

"पण सर, पीक तर आलं!"

रिद्धपुरात याच वेळी दुसरे एक गृहस्थ म्हणाले होते, "खत न टाकता माह्या भावाले कापूस झाला. डोयानं पाह्यला." मी त्यांच्या डोळ्यांवर शंका घेतली नाही. इंग्लंडमध्ये रोथमस्टेड येथे ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात १८४३ पासून गहू घेतला जातो. त्यातल्या एका पट्ट्याला तेव्हापासून कोणतेही खत दिलेले नाही. तिथे आजही हेक्टरी सुमारे एक टन गहू येतो. शेजारच्या शेणखताच्या आणि रासायनिक खताच्या पट्ट्यांत त्याच्या कित्येक पट येतो. खताशिवाय पीक आले यावरून इतकेच कळते की पीक शून्यावर येत नाही. जीवामृत न देता किती आले असते, हे शेजारचा पट्टा नसेल तर कळायला मार्ग नाही.

रिद्धपुराला साक्षीचे महत्त्व नव्याने सांगायला नको. सातशे वर्षांहून अधिक काळापूर्वी म्हाइंभटांनी इथे लीळाचरित्र सिद्ध केले ते चक्रधरस्वामींना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांना गाठून, विचारून. सांगणाऱ्यांत फरक पडला तर तो फरकही त्या परंपरेने जपला. 'हे कोणी पाहिले?' हा प्रश्न या गावाच्या मातीत आहे. विज्ञान त्यापुढे आणखी एक प्रश्न जोडते: 'जे घडले नाही ते कोणी पाहिले?' त्याच शेतात, त्याच पावसात, तेच बी पेरून पण जीवामृत न देता काय झाले असते, ते कोणत्याही साक्षीदाराला सांगता येत नाही. त्यासाठी पट्टे पाडावे लागतात आणि कोणत्या पट्ट्याला काय द्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागते. आपल्याकडे पानसे आणि सुखात्मे या दोघांनी १९५४ साली शेतीतील संख्याशास्त्रावर लिहिलेले पुस्तक कृषी महाविद्यालयांत पिढ्यान् पिढ्या वापरले गेले ते यासाठीच.

जे चांगले आहे ते

या पद्धतीत घेण्यासारखे पुष्कळ आहे. आच्छादनाने ओल टिकते, माती तापत नाही, सेंद्रिय द्रव्य वाढते. वाफशाचा आग्रह योग्य आहे, कारण मुळांना हवा लागते. संत्र्याला पाटाने तुडुंब पाणी देण्याची सवय वाईटच. आंतरपिकात मूग, उडीद, तूर घेतली तर नायट्रोजन खरोखर मिळतो. ज्वारीत तूर पेरणाऱ्या आपल्या आज्यांना हे अनुभवाने ठाऊक होते. फवारण्यांचा खर्च वाचतो तो वेगळाच.

पण येथेच घोटाळा होतो. आच्छादन, आंतरपीक आणि जीवामृत एकाच वेळी सुरू केले आणि फरक दिसला, तर श्रेय कोणाला द्यायचे? शिबिरात ते जीवामृताला आणि देशी गाईला मिळते. संकरित गाईचे किंवा म्हशीचे शेण वापरून, मोजणाऱ्याला न सांगता तुलना केल्याशिवाय ते देता येत नाही. आणि अपयश आले तर? 'गाय शुद्ध देशी नसेल', 'मनोभावे केले नसेल', अशी उत्तरे ऐकू येतात. यशाचे श्रेय पद्धतीला आणि अपयशाचा दोष शेतकऱ्याला, असे ज्या विचाराचे वळण असते तो कधी चुकीचाच ठरू शकत नाही. आणि जे चुकीचे ठरू शकत नाही त्याच्याकडून काही शिकताही येत नाही.

हीच मोजपट्टी दुसऱ्या बाजूलाही लावली पाहिजे. कृषी केंद्राच्या फळीवर रंगीत बाटल्यांतून 'टॉनिक' विकले जाते. फुलगळ थांबवणारे, मुळ्या वाढवणारे, जमीन जिवंत करणारे. अशा जैव-उत्तेजकांना खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणायला २०२१ साल उजाडले. त्याआधी त्यांचे दावे तपासण्याची सक्तीच नव्हती. मातीपरीक्षण न करता युरियाची पोती ओतायला सांगणाराही विज्ञान सांगत नव्हता. आम्ही संशोधकांनी शिफारशींचे तक्ते वाटले, पण त्या तक्त्यांमागचे पट्टे शेतकऱ्याला दाखवले नाहीत. मग त्याने तक्त्याऐवजी शिबिरावर विश्वास ठेवला तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हाला कितपत आहे?

घाईची किंमत काय असते ते श्रीलंकेने पाहिले. २०२१ च्या मे महिन्यात तिथे रासायनिक खतांची आयात बंद केली गेली. भाताचे उत्पन्न घसरले, आणि नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली.

शाळेत करून पाहा

हा वाद वर्गात मतदानाने सोडवू नका, कुंड्यांत सोडवा. २५ सेंटीमीटर तोंडाच्या वीस कुंड्या घ्या. सर्वांत एकाच ढिगातली माती आणि ज्वारीची सारखी रोपे. पाच गट करा: नुसते पाणी, जीवामृत, झाकून उकळून गार केलेले जीवामृत, शेणखत, आणि अगदी थोडा, अर्धा ग्रॅम युरिया. प्रत्येक गटाला चार कुंड्या, चिठ्ठ्या टाकून. कुंड्यांवर फक्त क्रमांक असावेत. मोजणाऱ्या मुलांना गट माहीत नसावेत. सहा आठवड्यांनी रोपे कापून, वाळवून वजन करा.

उकळलेल्या जीवामृताचा गट सर्वांत महत्त्वाचा. त्यात जीवाणू मेलेले, पण अन्नद्रव्ये जवळपास तीच. दोन्ही जीवामृतांचे वजन सारखे आले तर काम जीवाणूंचे नव्हते. ताजे सरस ठरले तर पाळेकरांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि मला हा लेख दुरुस्त करावा लागेल.

मात्रेची एक खबरदारी घ्या. एकरी २०० लिटर म्हणजे चौरस मीटरला ५० मिलिलिटर. आपल्या कुंडीच्या वाट्याला अडीच मिलिलिटर, म्हणजे अर्धा चमचा येतो. प्रात्यक्षिकात सहसा पेलाभर ओततात आणि रोप तरारते. त्यात नवल काहीच नाही, कारण ती मात्रा शेतातल्या मात्रेच्या कितीतरी पट असते.

संत्रेवाल्या गुरुजींना मी हेच सुचवले. संत्र्याचे झाड फळावर यायला पाच-सहा वर्षे लागतात. ते एकदा खंगले तर पुढच्या हंगामात दुरुस्त होत नाही. साडेतीन एकर एकदम पणाला लावू नका. आच्छादन सगळीकडे करा, त्यात धोका नाही. माती तपासून घ्या. खत बंद करायचेच असेल तर आधी दोन ओळींत करा, त्या दोन ओळी चिठ्ठी टाकून निवडा, आणि तोडणीच्या वेळी प्रत्येक ओळीचे वजन वहीत लिहा.

"म्हंजे हो बी नाई अन् नाई बी नाई," ते जरा नाराजीने म्हणाले.

"दोन बहारांनंतर तुमची वही सांगेल," मी म्हटले.

ते वही घालतील की नाही, मला ठाऊक नाही. पण जाताना त्यांनी एक गोष्ट विचारली, आणि व्याख्यान वाया गेले नाही असे वाटले. त्यांनी विचारले, "दोन ओळीत झाडं किती पाह्यजेत, सर? पाच-पाच पुरतीन का?"